जुन्या घरात स्पीकरच्या वायरी कशा न्यायच्या आणि टोकं कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात डेक्कनला आजोबांनी १९५० च्या सुमारास बांधलेलं बैठं घर, बाहेरच्या भिंती १४ इंची, आतल्या ९ इंची, वर मंगलोरी कौलं आणि हॉलला खालून लाकडी फळ्यांचं सिलिंग. हॉलमध्ये ५.१ (समोर तीन, मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर) बसवायचंय आणि मागच्या व्हरांड्यात दोन स्पीकर हवेत. वायरमन म्हणतोय की हॉलला चारही बाजूंनी झिरी (भिंतीत खाच) मारून पाइप टाकू, नाहीतर लाइटच्या जुन्या पाइपातूनच स्पीकरच्या वायरी ओढून देतो, एका दिवसात काम उरकेल. यातलं काय करावं?

दोन्ही नको. आणि दुसरं तर अजिबातच नको, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलतो. त्या काळच्या घरात मूळ वायरिंग बहुतेक लाकडी पट्टीवर क्लिपा मारून केलेलं असायचं, आत रबर आणि वरून कापडी वेष्टण असलेल्या वायरी, मग पुढे कधीतरी कुणीतरी पाइप टाकून त्यात नव्या वायरी घातल्या, आणि घरात एसी आला तेव्हा तिसऱ्याच कुणी त्याच पाइपातून आणखी एक जाड वायर ओढली. म्हणजे त्या पाइपात कुठे कुठल्या वयाची वायर आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही. जुनं रबर तर नुसतं वाकवलं तरी बिस्किटासारखं चुरा होऊन पडतं. अशा पाइपात नवीन वायर ओढताना घासून कुठे तांबं उघडं पडलं तर २३० व्होल्ट सरळ अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या टर्मिनलवर आणि स्पीकरच्या उघड्या स्क्रूवर येतात, आणि स्पीकरच्या वायरीला घरातलं कुणीही बिनधास्त हात लावतं कारण तिथे शॉक नसतो हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हम, म्हणजे लाइटचा हूंऽऽ असा आवाज, येईल की नाही हा नंतरचा मुद्दा, खरं सांगायचं तर स्पीकरच्या वायरीत हम फारशी येतही नाही, पण जिवाचा धोका आहे तिथे तो एकच मुद्दा पुरे. लाइटची वायर आणि आवाजाची वायर एका पाइपात कधीही जाणार नाहीत, वायरमन कितीही ओळखीचा असला तरी.

आता झिरीबद्दल. तुमच्या घराला आरसीसीचे कॉलम नाहीत, कौलांचा सगळा भार त्या विटांच्या भिंतीच घेतायत. विटांच्या बांधकामाचं आपलं जे मानक आहे, आयएस १९०५, त्यात भार घेणाऱ्या भिंतीसाठी स्पष्ट दिलंय की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, आणि सलग आडवी झिरी एक मीटरपेक्षा लांब नको. तुमच्या ९ इंची भिंतीत आडवीला दीड इंच मिळतं, २५ एमएमचा पाइप आणि त्यावरचा गिलावा धरला की दीड इंच तिथेच संपला, आणि चारही बाजूंनी हॉलभर फिरवायचं म्हणजे मीटरचा नियम तर पहिल्याच भिंतीत मोडला. उभ्या झिरीने भिंतीचा एक छोटा तुकडा कमजोर होतो पण आडव्या झिरीने वरून येणारा सगळा भार त्या कापलेल्या रेषेवरून जायला लागतो, हा फरक आहे. शिवाय त्या काळातलं बांधकाम चुन्यातलं असलं तर ब्रेकरच्या हादऱ्याने सांधे सुटतात आणि गिलावा पापुद्रे धरून खाली येतो. कामाआधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत चला, जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलाव्याने विटेला आधीच सोडलेलं आहे, तिथे हातच लावू नका. आणि बुजवताना गवंडी सवयीने सिमेंट थापतो, चुन्याच्या भिंतीत सिमेंटचा पट्टा भरला की आतली ओल तिथून बाहेर पडत नाही, ती आजूबाजूने फुटते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या पट्ट्याच्या कडेने लोणा लागलेला दिसतो. मूळ गिलावा चुन्याचा असेल तर बुजवायचंही चुन्यानेच. आणि कुठे साडेचार इंची पार्टिशन असेल तर त्यात झिरी मारायचीच नाही.

मग वायरी न्यायच्या कुठून? तुमच्या घरात रस्ता आधीच तयार आहे, तो म्हणजे कौलं आणि सिलिंगच्या फळ्या यांच्यामधली मोकळी जागा. हॉलच्या कोपऱ्यातली एखादी फळी सोडवून, सकाळी कौलं तापायच्या आत, चांगला टॉर्च घेऊन वर बघा. पाय फक्त तुळईवर, फळीवर नाही. काय बघायचं तर लाइटच्या वायरी कुठून कुठे जातात, वासे आणि रिपा यांच्यात वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का, उंदरांच्या लेंड्या आहेत का, आणि कुठलं कौल सरकून पाणी येतंय का. उंदीर असतील तर वायर उघडी टाकून चालणारच नाही, पीव्हीसीचं वेष्टण ते कुरतडतातच, त्यामुळे पाइप सक्तीचा आणि पाइपाची तोंडंही बंद केलेली पाहिजेत. भिंतीच्या माथ्याच्या कडेने २५ एमएमचा जाड पाइप सॅडल मारून न्या, लाइटच्या वायरींपासून फूटभर लांब, आणि जिथे ओलांडायचंच आहे तिथे काटकोनात. कोपऱ्यावर एल्बो वापरू नका, लांब बेंड वापरा, एल्बोच्या कोपऱ्यावर वायर अडकते आणि दोन-तीन वर्षांनी बदलायची वेळ आली की अख्खा पाइप काढावा लागतो.

वरून खाली उतरायला दाराच्या चौकटीची कड किंवा खोलीचा कोपरा, आणि तिथे मी झिरी न मारता सरळ केसिंग पट्टी लावतो. लोकांना पट्टी म्हटलं की जुन्या ऑफिसमधली पिवळी पडलेली वाकडी पट्टी आठवते, पण ओळंबा लावून एका रेषेत बसवलेली आणि भिंतीच्याच रंगात रंगवलेली बारीक पट्टी कोपऱ्यात असली तर पाहुण्यांना दिसतही नाही, आणि सत्तर वर्षांची भिंत शाबूत राहते. समोरच्या तीन स्पीकरना तर वर जायचीही गरज नाही, लाकडी स्कर्टिंग लावून त्याच्या मागून नेता येतं. आणि एक गोष्ट नक्की शोधा, जुन्या लँडलाइन फोनचा, टीव्हीच्या अँटेनाचा किंवा डोअरबेलचा पाइप. ते आता रिकामे किंवा निकामी असतात, लाइटपासून बहुतेक वेगळे टाकलेले असतात, आणि जुनी वायर आत असेल तर तिलाच नवीन वायरीचं टोक बांधून ओढता येतं. मात्र डोअरबेल काही घरांत २३० व्होल्टवर असते, तर मेन बंद करून आणि टेस्टर लावून बघितल्याशिवाय ती वायर कापू नका.

लांबी मोजताना जुन्या घरात हमखास चुकतं कारण उंची कुणी धरतच नाही. समजा तुमचा हॉल १८ बाय १४ आहे आणि उंची ११ फूट. अ‍ॅम्प्लिफायर १४ फुटी भिंतीच्या मध्यावर, जमिनीपासून दीड फुटावर. मागच्या स्पीकरचं अंतर विचारलं तर सगळे म्हणतात १८ फूट. पण वायर साडेनऊ फूट वर जाणार, ७ फूट कडेला, १८ फूट मागे, मग स्पीकर ४ फुटांवर असला तर ७ फूट खाली, आणि दोन्ही टोकांना दीड-दीड फूट सैल सोडायची. झाले जवळपास ४५ फूट, म्हणजे १४ मीटर. करंट जाऊन परत येतो म्हणजे हिशोबाला २८ मीटर तांबं.

यावर वायरीची जाडी ठरते. मी साधा हिशोब धरतो की वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या इंपीडन्सच्या (स्पीकरवर ओहममध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) पाच टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम, ६ ओहमच्याला ०.३, ४ ओहमच्याला ०.२. लवचिक तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला दीड स्क्वेअर एमएमसाठी १३.३ ओहम आणि अडीचसाठी ७.९८ ओहम असतो. २८ मीटरला दीडची वायर झाली ०.३७ ओहम, अडीचची ०.२२. म्हणजे ८ ओहमचे स्पीकर असतील तर दीड चालते, ६ चे असतील तर अडीच घ्या, आणि होम थिएटरचे बरेच स्पीकर ६ ओहमचे असतात म्हणून मी मागच्यांना सरसकट अडीच टाकतो. समोरच्यांना पाच-सहा मीटरच लागणार, तिथे दीड भरपूर झाली. व्हरांड्यापर्यंत २५ मीटर होत असेल तर अडीचने बरोबर ०.४ येतं, ८ ओहमच्या स्पीकरला काठावर पास. यापेक्षा जास्त खर्च, म्हणजे मीटरला हजारो रुपयांची केबल, याने तुमच्या हॉलमध्ये ऐकू येईल असा काही फरक पडणार नाही, ते पैसे स्पीकरमध्ये घाला.

विकत घेताना मात्र सांभाळा. बाजारात पारदर्शक वेष्टणाची चकचकीत स्पीकर वायर मिळते ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते. दुकानातच ब्लेडने एक तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत ठेवा. रोल हातात घेतल्यावरही कळतं, संशय यावा इतका हलका लागतो. तिचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा बराच जास्त, आणि वाकवली की तारा तुटतात. यापेक्षा माझा सरळ सल्ला असा की आयएस ६९४ चा शिक्का असलेली घरगुती वायरिंगची लवचिक अडीचची वायर घ्या, ९० मीटरचं बंडल येतं, एक पांढरं एक राखाडी. दोन्ही वायरी ड्रिलमध्ये धरून एकमेकींभोवती पीळ द्या की झाली उत्तम स्पीकर केबल, जाडी लिहिलीय तेवढी खरी, तांबं खरं. लाल-काळी-हिरवी अजिबात घेऊ नका, उद्या दुसरा वायरमन आला तर तो तिला लाइटची समजून जोडेल. आणि प्रत्येक टोकावर, पाइपाच्या प्रत्येक तोंडाशी 'स्पीकर' असं लेबल.

ओढण्याचं काम दोघांचं आहे, एकाने ढकलायचं एकाने ओढायचं. आधी स्प्रिंग (वायर ओढायची लांब लवचिक पट्टी) घाला, मग वायरींची टोकं एका रेषेत न ठेवता मागेपुढे कापून निमुळती करा आणि टेप घट्ट गुंडाळा म्हणजे बेंडवर अडकत नाही. टाल्कम पावडर चोळली की वायर सरकते, तेल किंवा साबण नको. अडकली तर जोर लावू नका, मागे घेऊन थोडी फिरवा. आणि प्रत्येक पाइपात वायरींबरोबर एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून द्या, ही दोरी माझ्या मते सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. आज ५.१ आहे, उद्या वर दोन स्पीकर वाढवावेसे वाटतील, नेटवर्कची केबल न्यावीशी वाटेल, तेव्हा ती दोरी ओढली की दहा मिनिटांत काम होतं.

व्हरांड्यासाठी १४ इंची भिंत पार करायची आहे. साधं ड्रिल इथे दमतं, रोटरी हॅमर आणि १८ इंची बिट लागेल, ते बहुतेक हार्डवेअरवाले भाड्यानेही देतात. आधी छोट्या बिटने दोन-तीन इंच सरळ भोक पाडून घ्या नाहीतर लांब बिट भरकटतं. भोक आतून बाहेर किंचित उतरतं पाडायचं, पावसाचं पाणी वाऱ्याने आत शिरायला नको. आणि पूर्ण आरपार एका बाजूने नेऊ नका, शेवटचे दोनेक इंच बाहेरून पाडा, नाहीतर बाहेरच्या विटेचा मोठा टवका उडतो. भोकात पीव्हीसीचा तुकडा बसवा, त्यातून वायर न्या, आणि बाहेर पडल्यावर वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल, वायरीवरून आत येणार नाही.

आता टोकं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण भिंत जपून, महाग स्पीकर घेऊन लोक शेवटच्या अर्ध्या इंचात काम घालवतात. सगळ्यात आधी, स्पीकरसाठी भिंतीत पाच अँपिअरचं सॉकेट वापरू नका. हे आपल्याकडे सर्रास होतं, वायरमनकडे तेच हाताशी असतं. त्यात स्पीकरला लावलेली टूपिन कुणीतरी एक दिवस शेजारच्या लाइटच्या सॉकेटमध्ये घालणार, आणि स्पीकर तर जळेलच पण त्याच्या उघड्या टर्मिनलवर मेन्स येईल. बनाना प्लगची (स्पीकर वायरीच्या टोकाला लावायच्या एका पिनेच्या प्लगची) जोडीसुद्धा याच कारणासाठी जपून वापरायची, जोडप्लगच्या दोन पिनांतलं अंतर १९ एमएम असतं आणि आपल्या पाच अँपिअरच्या सॉकेटच्या दोन भोकांतलंही १९ एमएमच, त्यामुळे तो सहज आत जातो. लहान मुलं असलेल्या घरात मी सुटे प्लग लावतो आणि स्पीकरची प्लेट लाइटच्या बोर्डापासून लांब घेतो. प्लेट म्हणजे साधी ब्लँक मॉड्युलर प्लेट, तिला भोकं पाडून चांगल्या पितळी बाइंडिंग पोस्ट (वायर घट्ट आवळायचे टर्मिनल), लाल आणि काळी.

वायर सोलताना स्ट्रिपरच वापरा, दाताने किंवा ब्लेडने नाही. ब्लेडने हमखास चार-पाच तारा तुटतात आणि तिथेच जाडी कमी होते. दहा-बारा एमएम सोलायचं, तारांना मूळ दिशेनेच हलका पीळ द्यायचा, त्यावर त्याच मापाचं फेरूल (टोकावर चढवायची धातूची बारीक नळी) चढवायचं आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबायचं. दाबल्यावर हाताने नीट जोराने ओढून बघा, निघालं तर निघू दे, आत्ता निघालेलं परवडलं. साध्या पकडीने चेपलेलं फेरूल दिसायला तसंच दिसतं पण महिन्या-दोन महिन्यांत सैल होतं. काहीजण टोकाला सोल्डर लावून मग स्क्रूखाली दाबतात, ते करू नका, सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपत जातं आणि जोड ढिला पडतो. सोल्डर करायचं तर प्लगलाच पूर्ण करा. एकही सुटी तार शेजारच्या पोस्टला टेकता कामा नये, एका केसाएवढ्या तारेने अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट शॉर्ट होतो. भिंतीच्या आत, पाइपात किंवा सिलिंगवर जोड नाही म्हणजे नाही, वायर कमी पडली तर पूर्ण नवीन ओढा.

एक वायरमनी सवय इथे फार महागात पडते. चार लाइटना एकच न्यूट्रल फिरवायची त्यांना सवय असते, तसं ते दोन स्पीकरना तीनच वायरी आणतात आणि वजा बाजू सामायिक करतात. आजचे बरेच अ‍ॅम्प्लिफायर असे असतात की त्यांची वजा बाजू अर्थला जोडलेली नसते, तिच्यातही आउटपुट असतो, दोन चॅनेलच्या वजा एकत्र केल्या की अ‍ॅम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा मरतोच. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायरी, हे कामाच्या पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

व्हरांड्यातली टोकं पावसाळ्यात काळी पडतात, कोकणात आणि गोव्यात तर खाऱ्या हवेने हिरवीच होतात. तिथे आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि दरवर्षी पावसाळा संपला की टोक बघा, काळं पडलं असेल तर चमकतं तांबं लागेपर्यंत कापून नवीन टोक करा. त्यासाठीच ती दीड फूट सैल सोडायची.

अ‍ॅम्प्लिफायर जोडायच्या आधी तपासा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरकडच्या टोकाला लावा, ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवेल. शून्याजवळ दाखवलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच दाखवलं नाही तर वायर तुटलीय. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, अधिक टोक तुम्ही अधिक धरलेल्या वायरीला आणि वजा दुसऱ्या वायरीला क्षणभर टेकवा, दुसऱ्याला वूफरच्या पडद्याकडे बघायला सांगा. टक असा आवाज येऊन पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. सगळ्या स्पीकरचं असं करा, एक जरी उलटा राहिला तर बास गायब होतो आणि आवाज मधोमध जमत नाही. मग प्रत्येक भिंतीचा मेजर टेप धरून फोटो काढून ठेवा, पाइप कुठून गेला हे पुढे खिळा ठोकणाऱ्याला कळलं पाहिजे.

सबवूफरचं वेगळं आहे, त्याला सिग्नलची वायर जाते आणि हम तिलाच लागते. जुनी टीव्हीची आरजी-६ केबल चांगल्या अवस्थेत असेल तर तीच वापरा, दोन्ही टोकांना आरसीए कनेक्टर बसवले की ती उत्तम सबवूफर केबल होते, शील्डिंग चांगलं असतं. इतकं करूनही हूंऽऽ येत राहिलं तर वायरीला दोष देण्याआधी केबल टीव्हीची वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. ती काढल्यावर आवाज थांबला तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारी हम) तिथून येतोय, त्या केबलवर आयसोलेटर लावा, किंवा बॉक्समधून आवाज ऑप्टिकल केबलने घ्या आणि तिथून एचडीएमआयसारखी दुसरी धातूची तार अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली ठेवू नका. अर्थची पिन तोडून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उलट १९५० च्या घरात खरी अर्थिंग आहे का हेच वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या, मागचा अर्थचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असू शकतो, आणि अर्थिंग नसेल तर स्पीकरच्या कामाआधी ते काम करा आणि मेनला आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्या.